बातमी कशी वाचावी, हे सांगणारा लेख कसा वाचावा?



६ जानेवारी हा पत्रकार दिन. १८३२ मध्ये याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' निघाला. ते निमित्त साधून आम्ही शाळेच्या फलकावर एक पत्रक लावले होते. 'खोटी बातमी ओळखण्याचे दहा मार्ग' असे त्याचे शीर्षक. कोणीतरी आम्हाला फोनवर पाठवले, आम्हाला आवडले, आम्ही ते छापून लावले.

दोन दिवसांनी नववीची एक विद्यार्थिनी कार्यालयात आली. म्हणाली, "सर, पत्रकात लिहिले आहे की ज्या मजकुरावर लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख नसेल, त्यावर विश्वास ठेवू नये. पण त्या पत्रकावरच नाव नाही आणि तारीखही नाही. मग त्यावर विश्वास ठेवायचा का?"

आम्ही चष्मा लावून पत्रक पुन्हा वाचले. मुलीचे म्हणणे खरे होते. दुसऱ्यांना सावध करणारा कागद आम्ही स्वतः सावध न राहता भिंतीवर चिकटवला होता. या अंकातील हा पाठ त्या मुलीच्या प्रश्नातून निघाला आहे. बातमी कशी पारखावी हे सांगणारे लेख आता खूप येतात. वर्तमानपत्रांत येतात, पाठ्यपुस्तकांत येतात, फोनवर तर रोज येतात. ते लेखसुद्धा पारखूनच घ्यावे लागतात. ते कसे, हे आज पाहू.

हा प्रश्न परीक्षेपुरता नाही

२०१९ च्या पावसाळ्यात पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश फिरला. मुले पळवणारी टोळी शहरात आली आहे आणि फुगे, खेळणी विकण्याच्या निमित्ताने शाळांबाहेर उभी राहते, असा मजकूर होता. भाषा स्वच्छ, शुद्धलेखन निर्दोष, वर एका सरकारी कार्यालयाचे नाव. आपल्या शाळेच्या शिपाईमामांची मुलगी इथेच शिकत असल्याने तेही त्या गटात होते. त्यांनी लगेच लिहिले, "फुगेवाला आपला आहे. पंदरा वर्शापासून गेटवर आहे. खोटी गोश्ट आहे." त्यांच्या लिहिण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. एकाने तर त्यांचे शुद्धलेखन सुधारून दिले.

त्याच दुपारी शाळा सुटताना फाटकाबाहेर फुगेवाल्याला सात-आठ जणांनी घेरले. मामा आणि खेळाचे शिक्षक धावले, त्याला हाताला धरून आत आणले आणि आमच्या कार्यालयात बसवले. त्याला पाणी दिले, पण ग्लास हातात धरवत नव्हता. पुढे कितीतरी दिवस तो फाटकावर आला नाही. दिसला तो थेट दिवाळीनंतर.

आपल्या फाटकावर एवढ्यावर भागले. महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भागले नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसे तिथे आली होती. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना मारहाण केली. पाचही जण मरण पावले. खोट्या संदेशाने माणसाचा जीव जातो, हे तेव्हा सगळ्या देशाने पाहिले. त्यानंतरच 'खोटी बातमी कशी ओळखावी' अशा लेखांचा आपल्याकडे पूर आला. पण सल्ला अर्धवट असेल तर वाचणाऱ्याला वाटते आपण आता शहाणे झालो, आणि तो पुन्हा फसतो. म्हणून असा प्रत्येक लेख वाचताना पाच प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो.

प्रश्न पहिला : कोण सांगतो आहे?

छापील वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छपाईचे ठिकाण. आमच्या लहानपणी आम्ही ती ओळ ओलांडून पुढे जात असू. ही नावे छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केले होते. २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आहे. या ओळीचा अर्थ साधा आहे. मजकूर चुकला तर कोणाला विचारायचे, ते वाचकाला कळते.

आता एक उदाहरण घेऊ. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतातील वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्यांत खोट्या माहितीपासून सावध राहण्याच्या दहा सूचना होत्या. आपल्या फलकावरच्या पत्रकाचे मूळ बरेचसे तिथेच असावे, असे आता दोन्ही शेजारी ठेवून पाहता वाटते. सूचना वाईट नव्हत्या. ज्या मजकुराने राग किंवा भीती वाटते तो पुढे पाठवण्याआधी थांबा, हा सल्ला तर सोन्यासारखा. एकच संदेश दहा जणांकडून आला म्हणून तो खरा ठरत नाही, हेही योग्य.

पण सांगणारा कोण, ते पाहा. ज्या साधनातून अफवा पसरत होती, त्याचीच मालक कंपनी सल्ला देत होती. त्यामुळे सूचनांचा सगळा रोख वाचकाने काय करावे यावर होता. थांबावे, तपासावे, नको तो क्रमांक बंद करावा. एक संदेश एका दमात किती ठिकाणी धाडता यावा, हे मात्र वाचकाच्या हाती नसते, ते कंपनी ठरवते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लावली. म्हणजे कंपनीलाही करण्यासारखे काही होते.

कंपनीने सांगितले म्हणून सल्ला खोटा ठरत नाही. मात्र सांगणाऱ्याची जागा कळली की त्याने कोणती बाजू कमी सांगितली असेल, त्याचा अंदाज येतो. दुकानदाराने सांगितलेला साडीचा रंग खरा असू शकतो, पण पक्का की कच्चा ते आपण घरी पाण्यात घालून पाहतोच.

प्रश्न दुसरा : हा नियम आपल्या गावाला लागू पडतो का?

त्या दहा सूचनांत एक अशी होती की खोट्या संदेशांत पुष्कळदा शुद्धलेखनाच्या चुका असतात. आपल्या फलकावरच्या पत्रकात ते आणखी ठाशीव झाले होते : 'शुद्धलेखन चुकले असेल तर बातमी खोटी समजावी.'

मंडळी, हा नियम आपल्या इंदूरला लावून पाहा. आपल्या घरांत मराठी बोलली जाते, शिक्षण बहुतेकांचे हिंदीत किंवा इंग्रजीत होते. खुद्द आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'कि' आणि 'की' यांत आम्ही आजही अडखळतो आणि या वार्तापत्राचा मजकूर मराठीच्या बाईंकडून तपासून घेतो. आपल्या मंडळांच्या हळदीकुंकवाच्या सूचना, श्राद्धाचे निरोप, स्नेहसंमेलनाची पत्रके पाहिली तर या नियमाने निम्मी खोटी ठरतील. आणि २०१९ च्या त्या दुपारी काय झाले होते? खोटा संदेश शुद्ध होता. खरा संदेश मामांचा होता, आणि तो अशुद्ध होता.

सावध लेखक 'चुका असतील तर अधिक बारकाईने पाहा' एवढेच म्हणतो. पुढे पाठवणारा त्याचा 'चुका म्हणजे खोटे' असा नियम करतो. म्हणून लेखातला प्रत्येक नियम आपल्या ओळखीच्या दोन घटनांवर लावून पाहावा, एक खरी आणि एक खोटी. दोन्हीकडे बरोबर उत्तर आले तरच तो वहीत उतरवावा.

प्रश्न तिसरा : आकडा कोणत्या मोजणीचा?

'खोटी बातमी खऱ्यापेक्षा सहापट वेगाने पसरते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचले असेल. आपल्या पत्रकातही होते. अभ्यास खरा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सोरौश वोसोघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी तो केला आणि मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला.

मात्र त्यांनी मोजले काय? तेव्हाच्या ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० मजकूर-साखळ्या. त्याही सर्व बातम्यांच्या नाहीत. सहा तपासणी संस्थांनी ज्यांबद्दल खरे-खोटे ठरवले होते, तेवढ्याच विषयांच्या. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या मजकुराला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागला, असे त्यात दिसले. 'सहापट'चा उगम हा. तो ट्विटरचा आहे. आपल्या पालक गटाचा नाही, चौकातल्या चहाच्या टपरीचाही नाही.

त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी आहे जी अशा लेखांत क्वचितच वाचायला मिळते. हा फरक यंत्राने चालवलेल्या खात्यांमुळे पडला नव्हता. खोटे अधिक पसरवत होती ती तुमच्या-आमच्यासारखी माणसेच, कारण खोट्यात नवलाई अधिक होती. 'सहापट'पेक्षा ही गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. पण तिच्यात चटकदार आकडा नाही, म्हणून ती मागे राहिली.

आकडा दिसला की तीन गोष्टी शोधा : कोणी मोजले, केव्हा मोजले, कशात मोजले.

प्रश्न चौथा : ज्याचे नाव घेतले, तो खरेच तसे बोलला होता का?

आपल्या पत्रकाच्या शेवटी चौकटीत एक वचन होते. खरे पायात जोडे चढवते तोवर खोटे अर्धे जग फिरून येते, अशा अर्थाचे. खाली नाव होते मार्क ट्वेन.

मार्क ट्वेन १९१० मध्ये वारले. त्यांनी असे कुठे लिहिल्याचे अभ्यासकांना सापडलेले नाही. हे वचन त्यांच्या नावावर छापलेले दिसते ते त्यांच्या मृत्यूनंतर. याच्याशी जुळणारा विचार जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० मध्येच मांडला होता, म्हणजे ट्वेन यांच्या जन्माच्या सव्वाशे वर्षे आधी. खोट्यापासून सावध करणाऱ्या पत्रकाचा शेवटच खोट्या नावाने झालेला होता, आणि तो आम्ही चौकटीसह फलकावर लावला होता.

थोरांच्या नावावर खपवलेली वचने आपल्याकडेही रोज सकाळी फुलांच्या चित्रांसह येतात. वचन चांगले असले तरी नाव खोटे असू शकते. लेखक एवढे साधे तपासत नसेल, तर त्याचे बाकीचे दावे जास्त जपून वाचावेत.

प्रश्न पाचवा : काय कापले आहे, आणि उपाय कोणी करून पाहिला आहे का?

२०१८ मध्ये भारतात एक चित्रफीत फार फिरली. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसते. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा अशीच ती होती. ती मुळात कराचीतल्या एका बाल-सुरक्षा संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरून सावधगिरीचा संदेश देतात. भारतात फिरताना शेवटचा तो भाग कोणीतरी कापून टाकला. जनजागृतीसाठी केलेली वस्तूच अफवेचा पुरावा बनली. चित्र खोटे नव्हते, शेवट काढून टाकलेला होता.

लेखांचेही तसेच होते. दहा मार्ग सांगणारा लेख बहुधा हे सांगत नाही की ते मार्ग कोणी वापरून पाहिले का आणि काय निघाले. हे पाहणारे अभ्यास झाले आहेत. फेसबुकने दिलेल्या सूचनांचा परिणाम अमेरिका आणि भारतात तपासला गेला आणि निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. अमेरिकेत आणि भारतातील उच्चशिक्षित, इंटरनेट वापरणाऱ्या लोकांत खरे-खोटे वेगळे करण्याची क्षमता काही प्रमाणात वाढली. उत्तर भारतातील बहुतांश ग्रामीण भागात मात्र काही परिणाम दिसला नाही. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये सुमारे १,२०० जणांचा अभ्यास केला. तासाभराच्या एका प्रशिक्षणाने एकंदरीत फरक पडला नाही, असे त्यात दिसले.

निराश होण्याचे कारण नाही. पुढे बिहारमध्येच ५८३ गावांतील १३,५०० विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यांतील ठरावीक गावांतल्या मुलांचे एक भाषण देऊन न थांबता काही महिने पुन्हा पुन्हा वर्ग घेतले गेले. मुलांना खरे-खोटे अधिक चांगले कळू लागले, काही महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही ते टिकून होते, आणि त्या मुलांच्या आई-वडिलांमध्येही सुधारणा दिसली. पालकहो, शेवटचे वाक्य कृपया पुन्हा वाचा. घरात शहाणपण वरून खाली येते असे आपण मानतो. इथे ते मुलांकडून वर गेले. आमच्या कार्यालयातही तसेच झाले.

पान सोडून बाहेर पडा

हे पाच प्रश्न विचारायचे, पण उत्तरे कुठे शोधायची? त्याच लेखात शोधू नयेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ जणांना इंटरनेटवरील मजकूर पारखायला दिला : १० इतिहासाचे अभ्यासक, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस. अभ्यासक आणि विद्यार्थी बरेचदा तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखणे बोधचिन्ह, भारदस्त नाव यांनी फसले. तपासनीस मात्र थोड्याच वेळात ते पान बाजूला ठेवून, या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायला बाहेर पडले. ते लवकर आणि बरोबर उत्तराला पोहोचले.

आपल्या आजीला हे ठाऊक होते. सोयरीक आली की मुलाचे कौतुक ती मुलाच्या घरच्यांना विचारत नसे, शेजारी आणि गावच्यांना विचारत असे.

इथे एक इशाराही देतो. हे सगळे वाचून 'मग कोणावरच विश्वास ठेवायला नको' असे कोणी म्हणेल, तर पाठ चुकला. सगळेच खोटे मानणारा माणूस सगळे खरे मानणाऱ्याइतकाच आळशी असतो, कारण तपासण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत. जो लेख फक्त शंका शिकवतो आणि विश्वास कशावर ठेवावा हे सांगत नाही, तो अर्धाच लेख आहे. त्या दुपारी विश्वास ठेवण्याजोगा माणूस गटात होता. त्याने पंधरा वर्षे रोज फाटक उघडले होते आणि फुगेवाल्याला तो ओळखत होता. त्याला ते कसे ठाऊक, एवढे एकाने जरी विचारले असते तरी पुरे होते.

फलकाचे पुढे काय झाले?

ते पत्रक आम्ही काढले. जागा रिकामी न ठेवता तिथे एक दुरुस्ती लावली : कोणती विधाने चुकली, बरोबर काय, आणि चूक मुख्याध्यापकांची आहे, असे आमच्या सहीने आणि तारखेसह. चूक कबूल केल्याने शाळेची शोभा जाईल का, असे एका विश्वस्तांनी काळजीने विचारले. आम्ही म्हटले, चांगली वर्तमानपत्रेही चूकभूल छापतात, आणि ती छापतात म्हणूनच त्यांचे बाकीचे पान आपण वाचतो. नवे पत्रक नववीचा वर्ग तयार करत आहे. त्यावर करणाऱ्यांची नावे असतील.

स्वाध्याय

१. खोटी बातमी कशी ओळखावी हे सांगणारा एक लेख किंवा संदेश मिळवा, वहीत चिकटवा आणि त्याला वरील पाच प्रश्न विचारा. पटलेला एक आणि न पटलेला एक मुद्दा कारणासह लिहा. (इयत्ता ८ वी ते १० वी)

२. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातील मुद्रक-प्रकाशकाची ओळ शोधून उतरवून आणा. (इयत्ता ५ वी ते ७ वी)

३. पालकांसाठी : या महिन्यात गटात पुढे पाठवण्याआधी एक तरी संदेश मुलाला किंवा मुलीला दाखवा आणि विचारा, "हे कोणी लिहिले असेल?" मग थोडे थांबा, उत्तर त्यांना देऊ द्या.

शेवटी, या लेखातही चूक असू शकते. कोणाला आढळली तर कार्यालयात यावे किंवा चिठ्ठी पाठवावी. पुढील अंकात ती तारखेसह छापू. शुद्धलेखनाची चूक असली तरी चालेल, मराठीच्या बाईंनाही कधी सुटी हवी असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुख्याध्यापक